दाढी, टॅटू, खर्रा आणि मुलाखत

मुलाखतीचा कॉल आला की आमच्या नागपूरकडच्या पोट्ट्यांना अभ्यासाआधी आरसा आठवतो. मला येणारे फोन तसेच असतात. "मॅडम, दाढी काढून टाकू काय?" "मॅडम, केस सरळ करून घेऊ का?" "मॅडम, हातावर महादेव आहे, चालते ना?" बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी पर्सनल डिपार्टमेंटला लागले तेव्हा त्याला कोणी एचआर म्हणत नव्हतं. नंतर मिहान या विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रातल्या एका आयटी कंपनीत भरतीचं काम केलं. आता निवृत्त आहे आणि मानेवाड्याला घराच्या वरच्या खोलीत मुलामुलींची मुलाखतीची तयारी करून घेते. टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस काय बघतो आणि काय त्याच्या लक्षातही येत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे "जसे आहात तसे जा" असं मी कोणाला सांगत नाही आणि "कंपनी म्हणेल ते करा" असंही सांगत नाही.

आधी दोन प्रश्न विचारते. पहिला, हा बदल मागतंय कोण? यंत्र मागतंय, सरकारी नियम मागतोय, गिऱ्हाईक मागतंय, की नुसती कोणाची तरी नजर? बरेचदा यातलं कोणीच मागत नसतं, शेजारचे काका म्हणालेले असतात. दुसरा प्रश्न, बदल परत फिरवता येतो का? दाढी तीन-चार आठवड्यांत येते. शर्ट संध्याकाळी काढता येतो. लेझरनं भाजलेली कातडी मात्र पहिल्यासारखी होईलच असं नाही. पुढचं सगळं या दोन प्रश्नांवरच चालतं.

यंत्र मागत असेल तर वाद घालू नका

बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, कुठल्याही एमआयडीसीत शॉपफ्लोअरची, म्हणजे यंत्रांजवळची नोकरी असेल तर मोकळे केस, लोंबती ओढणी, अंगठी, कडं आणि मनगटावरचे ते पाच-सात दोरे घरी ठेवून जा. हा सौंदर्याचा विषय नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २२ मध्ये चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे असावेत, असं लिहिलेलंच होतं. बेल्ट-पुलीत कापड गेलं की मागून माणूस जातो. मुलाखतीनंतर "चला, प्लांट दाखवतो" म्हणून आत नेतात, तेव्हा सोबतचा सुपरवायझर तुमची डिग्री बघत नसतो. तो तुमची बाही आणि बूट बघत असतो. म्हणून चप्पल किंवा सँडल नको. पुढून बंद असलेले बूट घाला, जुने असले तरी पुसलेले.

दाढीचंही इथे साधं गणित आहे. रसायनं किंवा रंगाच्या धुराजवळ काम असेल तर तोंडावर घट्ट बसणारा रेस्पिरेटर, म्हणजे हवा गाळणारा मास्क लावावा लागतो, आणि दाढीच्या केसांतून त्याची कड गळते. अशा जागी "क्लीन शेव्ह हवी" म्हणणारा साहेब तुमच्या फुफ्फुसांची काळजी करतोय. धर्मामुळे दाढी काढणं शक्य नसेल तर आधीच विचारा. चेहऱ्याला न चिकटणारे, टोपीसारखे सैल आणि पंख्यानं आत हवा सोडणारे रेस्पिरेटर मिळतात. महाग असतात, सगळे घेत नाहीत, पण तसं काही असतं हे तुम्हाला माहीत असलं तर बोलणं पुढे सरकतं.

अन्नपदार्थांच्या कंपन्यांत, मग ती संत्रा बर्फी असो की पॅकबंद शेव, नियम आणखी कडक. २०११ च्या अन्नसुरक्षा परवाना नियमांच्या परिशिष्ट ४ मध्ये कामगारांची नखं, केस, दाढी झाकणं, दागिने न घालणं हे सगळं येतं. नेलपेंट लावून, बांगड्या घालून अशा मुलाखतीला गेलात तर कोणी तोंडावर काही म्हणणार नाही. कागदावर मात्र लिहितील.

वर्दीची नोकरी

कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र, वायुसेनानगरात हवाई दलाचं मेंटेनन्स कमांड, हिंगणा रोडला एसआरपी, म्हणजे राज्य राखीव पोलीस. नागपूरच्या मुलांना वर्दी लहानपणापासून दिसते, आणि त्यातला घोटाळा बहुतेक टॅटूपाशी होतो. दहावी झाली की जत्रेत हातावर आईचं नाव, महादेव, महाराज नाहीतर जय भीम, आणि दोन वर्षांनी अग्निवीरचा फॉर्म. सैन्यात सर्वसाधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो, बाकी अंगावर नाही. आदिवासी समाजांतल्या परंपरेनं गोंदलेल्यांना वेगळी सवलत आहे, गडचिरोली-मेळघाटच्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांत देवाची चिन्हं आणि नावं चालतात, पण सलाम न करणाऱ्या, म्हणजे डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, आणि आकार त्या भागाच्या पावपेक्षा कमी. नियम बदलत असतात, म्हणून तुमच्या वर्षाच्या जाहिरातीतला परिच्छेद वाचा, मित्राच्या भावाचा अनुभव नको.

नियमात न बसणारा टॅटू असेल तर? लेझर एका दिवसात होत नाही. बऱ्याच बैठका, मधे आठवड्यांची अंतरं, आणि शेवटी डाग राहण्याची शक्यता असतेच. त्वचारोग डॉक्टरकडेच जा. भरती पुढच्या महिन्यात असेल तर ही भरती सोडून पुढची धरा. कोपऱ्यावरच्या टॅटूवाल्यानं "अ‍ॅसिडनं काढून देतो" म्हटलं तर तिथून उठा.

हवाई दलात दाढीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१६ च्या डिसेंबरात न्यायालयानं एका मुस्लिम वायुसैनिकाची दाढी ठेवू देण्याची मागणी नाकारली. शीखांना तिथे केस-दाढी ठेवता येते. हे योग्य की अयोग्य यावर माझ्या खोलीत पुष्कळ वाद झालेत. फॉर्म भरणाऱ्याला मात्र नियम आजच माहीत असायला हवा.

राज्य पोलिसांत दिसण्यापेक्षा माप बोलतं. शिपाई भरतीला मुलांची उंची १६५ सेंटीमीटर, मुलींची १५५, मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ जास्त. उंची वाढवायच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. छाती फुगवण्याचा सराव मात्र करता येतो आणि तो करा.

स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी एक गोष्ट, जी क्लासमध्ये सांगत नाहीत. यूपीएससीच्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय की अर्जावरच्या फोटोत जसे दिसता तसेच प्रत्येक टप्प्यावर दिसलं पाहिजे. फोटोत दाढी असेल तर पूर्व, मुख्य आणि मुलाखत, तिन्ही वेळेस दाढी. म्हणजे दाढीचा निर्णय मुलाखतीच्या आदल्या रात्री नव्हे, फॉर्म भरायच्या आधी फोटो स्टुडिओत होतो. इतर परीक्षांतही चेहरा ओळखू न आल्यामुळे दारावर अडकलेली मुलं मी पाहिली आहेत.

खर्रा

आता ज्या बदलावर मी कोणालाच सूट देत नाही तो.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकवर घासून केलेलं मिश्रण. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पानठेल्यावर काय काय मिळतं हे नागपूरकराला सांगायला नको. मुलाखतीत दाढीमुळे नापास झालेला मुलगा मला आठवत नाही. दात बघून पॅनेलवरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं असे मात्र पुष्कळ आठवतात. लालसर-तपकिरी दात, बोलताना एका गालात ठेवल्यासारखा आवाज, आणि दर वाक्यानंतर गिळणं. मार्केटिंग, बँक, हॉस्पिटल, हॉटेल, कुठेही हे चालत नाही. वेलची खाऊन वास झाकला जातो असा समज आहे. नाही झाकला जात. बंद एसी खोलीत तर मुळीच नाही.

यात दिसण्यापुढचीही गोष्ट आहे. सुपारीनं गालाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते आणि तोंड कमी उघडू लागतं. नोकरीआधीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टर तोंड उघडायला सांगतो. तुमचीच तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर मुलाखतीचा विचार नंतर करा, आधी दाताच्या डॉक्टरकडे जा. मेडिकल चौकाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे खासगीपेक्षा फार कमी पैशांत दात साफ करून मिळतात. सकाळी लवकर जा, रांग असते. साफ करून आल्यावर त्याच संध्याकाळी ठेल्यावर गेलात तर डाग परत यायला वेळ लागत नाही. सोडायला मदत हवी असेल तर तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट.

एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही मजाक करून राहिल्या काय, खर्र्यानं कोणाची नोकरी जाते?" नोकरी जाते असं मी म्हटलंच नव्हतं. मिळत नाही, एवढंच म्हटलं होतं.

कपडे, आणि आपलं ऊन

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून मे महिन्यात कोट शिवू नका. नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. मानेवाड्याहून बुटीबोरीपर्यंत दुचाकीवर कोट घालून गेलेला उमेदवार आत शिरतो तेव्हा भट्टीतून काढलेल्या पावासारखा दिसतो. सुती, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गडद पँट एवढं बहुतेक जागी पुरतं. गांधीबागेत कापड घेऊन ओळखीच्या टेलरकडे शिवलेला शर्ट अंगाला बसतो. तयार घेत असाल तर खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच आली पाहिजे, एवढं बघा. बाकी ढगळपणा टेलर निस्तरतो, खांदा निस्तरत नाही.

दुसरा शर्ट इस्त्री करून, कागदात गुंडाळून बॅगेत ठेवा. मिहानला जायचं तर मेट्रोनं खापरीपर्यंत जा, पुढे रिक्षा किंवा कंपनीची बस. स्टेशनवर तोंड धुवा, शर्ट बदला. हेल्मेटखाली केस चपटे होतात, त्यामुळे कंगवा खिशात ठेवा. मुलींनी तोंडाला बांधलेला स्कार्फ गेटवरच सोडावा, कारण तोंडावरच्या पट्ट्याच्या खुणा जायला थोडा वेळ लागतो. अत्तर, डिओ अगदी कमी. उन्हात त्याचा वास घामात मिसळला की समोरचा मागे सरकतो.

मुलींना घरचे साडीच नेसायला सांगतात. रोज नेसत नसाल तर नेसू नका, अर्धं लक्ष निऱ्यांवर जातं. नीट शिवलेला सलवार-कुर्ता बँकेतही चालतो आणि शाळेतही. शिक्षकांसाठी तर राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं मार्च २०२४ मध्ये सूचनाच काढल्या आहेत. शिक्षिकांनी साडी किंवा ओढणीसह सलवार-चुडीदार, शिक्षकांनी शर्ट आत खोचून पँट, जीन्स-टीशर्ट नको. शाळेत मुलाखतीला तसंच जा.

आयटीत कोणाला फारसं काही पडलेलं नसतं. स्वच्छ असा, झालं.

रंग, केस आणि वय

चेहरा उजळ करायच्या क्रीमबद्दल माझं मत ठाम आहे आणि मी ते ओरडून सांगते. एका मोठ्या क्रीमच्या नावातला "फेअर" २०२० मध्ये काढला गेला, पण आपल्या डोक्यातला अजून निघाला नाही. ब्यूटी पार्लरमधून मिळणारी, लेबल नसलेली डबी तर हातात धरू नका. त्यात स्टिरॉइड असलं तर कातडी पातळ होते, लाल पडते, केस उगवतात. पारा असला तर मूत्रपिंडावर जातं. काही वर्षांपूर्वी आपल्या अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीमनं बिघडल्याची बातमी सगळ्यांनी वाचली होती. महिन्यात गोरं करून दाखवतो म्हणणाऱ्याला डबीत काय आहे ते विचारा. जी नोकरी तुमच्या रंगावर ठरणार असेल ती तीन महिन्यांनी दुसऱ्या कशावरून तरी जाईल.

कुरळे केस सरळ करू नका, बांधा. टक्कल असेल तर तसंच जा, विग घालून आलेला माणूस मुलाखतभर पंख्याकडे बघत असतो. चेहऱ्यावर कोडाचे पांढरे डाग, भाजल्याच्या खुणा असतील तर झाकायचं की नाही हे तुम्हीच ठरवा. झाकलंत तर स्वतःला बरं वाटावं म्हणून झाका.

पंचेचाळिशी-पन्नाशीला कंपनी बंद पडून पुन्हा मुलाखतीला निघालेल्यांचा प्रश्न वेगळा असतो. हिंगण्यातून असे लोक माझ्याकडे येतात आणि दबक्या आवाजात विचारतात, केस काळे करू का? करा, मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण कोळशासारखे नको, थोडे करडे राहू द्या. पहिल्यांदाच लावत असाल तर मुलाखतीच्या आदल्या रात्री लावू नका. डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी काहींना येते, डोळे सुजून बंद होतात. कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट बघा. आणि जन्मतारीख बायोडेटावर आहेच, तेव्हा वय लपवण्यात वेळ घालवण्यापेक्षा कोणती मशीन कोणत्या आवाजावरून ओळखता ते सांगा.

टिकली, हिजाब, पगडी, आणि बाबासाहेबांचा सूट

इथे मी सावकाश बोलते, कारण इथे दुखतं.

आपल्या संविधान चौकात बाबासाहेब सूट-टायमध्ये उभे आहेत. माझ्या खोलीत येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी तोच फोटो आहे. त्यामुळे "कपडे बदलणं म्हणजे स्वतःला विकणं" असं मला कोणी म्हटलं की मी गप्प बसत नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की जात ओळखू यावी अशी लुगडं नेसायची रीत आणि कथलाचे जड दागिने सोडून द्या. तो बदल होता, आणि कोणाची मर्जी राखायला केलेला नव्हता. दुसऱ्यानं लादलेली खूण तिथे काढून फेकली होती.

म्हणून मी विचारते, ही खूण तुमची की तुमच्यावर टाकलेली? मंगळसूत्र, टिकली, हिजाब, पगडी, गळ्यातला क्रॉस, हे ज्याचं त्यानं धरलेलं असेल तर मुलाखतीसाठी ते काढायला मी सांगत नाही. कोणी आपणहून काढलं तर त्यालाही बोल लावत नाही, पोट सगळ्यांना आहे. पण काढायचं असेल तर रोज काढावं लागेल हे धरून ठरवा. एक दिवस लपवून मिळालेली नोकरी पुढे रोज लपवायला लावते.

मोमीनपुऱ्यातली एक मुलगी हिजाब घालते. तिला मी आधी फोन करायला लावला. एका ठिकाणी म्हणाले, समोरच्या काउंटरला चालणार नाही. तिनं नाव काढून घेतलं. दुसरीकडे म्हणाले, स्कार्फ कंपनीच्या रंगाचा असला तर आम्हाला अडचण नाही. ती तिथे लागली. फोन केला नसता तर पहिल्या ठिकाणी अर्धा दिवस आणि बराच आत्मविश्वास गेला असता.

कायद्याचंही सांगून टाकते. सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग यावरून भेदभाव करता येत नाही, संविधानाचं कलम १६ आहे. खासगी कंपनीनं दिसण्यावरून नाकारलं तर त्याविरुद्ध सरसकट कायदा आपल्याकडे नाही. पण अपंग व्यक्तींसाठी २०१६ चा कायदा आहे आणि त्यात अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेलेही येतात. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे, आणि तो नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो. कंपनी खासगी असली तरी या दोन्हींचा आधार घेता येतो.

विचारायचं कसं

बहुतेक जण विचारतच नाहीत, अंदाजानं दाढी काढून बसतात. कॉल लेटरवर एचआरचा फोन असतो, मेलआयडी असतो. दोन ओळींचा मेल पुरतो: "मी अमुक पदासाठी अमुक तारखेला येत आहे. या पदासाठी कपडे, दाढी किंवा दागिन्यांबाबत सुरक्षेचे किंवा गणवेशाचे काही नियम असल्यास कृपया कळवावेत." यात गयावया नाही आणि भांडणही नाही. असा मेल आला की मला तो उमेदवार आधीच थोडा आवडायचा, खोटं कशाला सांगू.

मुलाखतीतच कोणी म्हणालं, "दाढी काढाल का?", तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. "कामाच्या गरजेसाठी आहे का?" एवढंच शांतपणे विचारा. मास्कचं कारण सांगितलं तर हो म्हणा. "असंच, जरा बरं दिसतं" म्हणाले तर "ऑफर मिळाल्यावर ठरवतो सर" म्हणता येतं, आणि त्यावर हसून पुढचा प्रश्न विचारणारे साहेब मी जास्त पाहिले आहेत.

जॉइन झाल्यावर नवी मागणी आली, टॅटू काढा, वजन कमी करा, केस कापा, तर ती लेखी मागा आणि मुदत विचारा. तोंडी सांगणारे बरेच जण लिहून द्यायची वेळ आली की विषय बदलतात. लिहून दिलंच, तर ते पत्र आणि ऑफर लेटर एकाच फाइलमध्ये ठेवा आणि सही करण्याआधी मला किंवा कोणा वकिलाला दाखवा.